मेलमधले हात

अंकुशनं मला ठेवलेलं नाव तोंडानं सांगता येत नाही. ते हातानं करून दाखवावं लागतं. करंगळी ताठ करायची आणि नाकावरून घसरलेला चष्मा तिनं वर सरकवल्यासारखं करायचं, की झालं माझं नाव. शमीम हे नाव त्याला वाचता यायचं, पण ते कागदावरचं. माझ्याबद्दल काही सांगायचं झालं तर त्याला ही करंगळी लागायची. आमचे मालक तात्या म्हणजे तंबाखूनं फुगलेला गाल. हॉलंडचं गिऱ्हाईक आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं, तरी त्यालाही नाव होतं: लांब नाक. त्याची प्रत्येक मेल तक्रारीची असायची, आणि असा माणूस नाक वर करूनच बसलेला असणार, असं अंकुशचं म्हणणं.

पिंपळवंडीला तात्यांचं द्राक्षांचं पॅकहाऊस होतं. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. आजूबाजूच्या गावांतला माल आमच्याकडे यायचा, निवडून, पेट्यांत भरून, थंड करून बोटीनं बाहेर जायचा. मी जुन्नरहून रोज एसटीनं यायची. इंग्रजी पत्रव्यवहार आणि हिशोबाचा कंप्यूटर माझ्याकडे होता. एका सीझनच्या सुरुवातीला तात्या एका उंच, इस्त्रीच्या शर्टातल्या मुलाला घेऊन ऑफिसात आले.

"शमीम, ह्यो अंकुश. निरगुडसरचा. पुन्यात कंप्यूटर शिकलाय. ऐकू येत न्हाई त्याला अजिबात. पर आपल्याला कुठं त्याच्याकडनं गानं म्हनून घ्यायचंय?"

तात्या आपल्याच बोलण्यावर हसले. अंकुशनं त्यांच्या ओठांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि काय झालं ते मी सांगावं म्हणून भुवया वर केल्या. मला सांगता आलं नाही. तो खुर्चीवर बसला, उठला, टेबल उचलून फिरवलं आणि भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून पुन्हा बसला. माझं टेबलही त्यामुळं तिरपं झालं आणि पंख्याचा वारा मला लागेनासा झाला. तक्रार करून उपयोग झाला नाही. पाठीमागून येणारं माणूस त्याला कळायचं नाही, आणि दचकायचं त्याला अगदी आवडायचं नाही.

त्याच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं. हाक मारायची म्हणून तो टेबलावर दोनदा मूठ आपटायचा, चहा सांडायचा. हसायचा तेव्हा इतक्या मोठ्यानं की पॅकिंगच्या बायका हातातला घड तसाच धरून वर बघायच्या. शर्टाला डाग पडला की त्याचा दिवस बिघडायचा. खिशात कंगवा. कुणी त्याच्या कीबोर्डला हात लावला तर दुसऱ्या दिवसापर्यंत बोलायचा नाही. आवारात ट्रक शिरला की मात्र वॉचमनच्या आधी त्याला कळायचं, जमिनीतून. तो बोट खाली करून दाखवायचा, आणि थोड्या वेळानं हॉर्न ऐकू यायचा.

सुरुवातीला आम्ही नोटपॅडवर बोलायचो. तो इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचा, मग कीबोर्ड माझ्याकडे सरकवायचा. त्याचं मराठी निराळंच होतं. 'काल बस नाही मी उभा खूप पाऊस शर्ट खराब.' वाक्य कळायचं, पण शब्द उतरंड कोसळल्यासारखे. मला वाटायचं शिक्षण कच्चं आहे. पुढं कळलं की मराठी त्याच्यासाठी डोळ्यांनी शिकलेली परकी भाषा होती. त्याची भाषा हातांची होती, आणि तिच्यात तो कधीच अडखळत नसे.

ती भाषा तो पुण्यातल्या कर्णबधिर मुलांच्या एका निवासी शाळेत शिकला होता, पण वर्गात नाही. वर्गात तोंडानं बोलायची सक्ती होती, हात मागं बांधून बसायचं. हात सुटायचे ते वसतिगृहात. तिथं मोठी मुलं लहानांना शिकवायची, भांडणं हातांनी, चेष्टा हातांनी, जेवताना एका हातात घास आणि दुसऱ्या हातानं गप्पा. दहावी झाली, पुढं कंप्यूटरचा कोर्स झाला आणि तो निरगुडसरला परत आला. घरात आई, थोरला भाऊ मारुती, वहिनी, मुलं. भरलं घर. पण त्या अख्ख्या घरात, खरं तर अख्ख्या गावात, त्याची भाषा कुणाला येत नव्हती. आईनं लहानपणी त्याच्यासाठी काही खुणा बनवल्या होत्या, त्यावर निभायचं. सगळे अंगणात बसून काही बोलून हसले की तो विचारायचा, काय झालं? कुणीतरी हात हलवून म्हणायचं, नंतर सांगतो. 'नंतर' हा शब्द ओठांवर कसा दिसतो, ते त्यानं मला तोंड वेडंवाकडं करून दाखवलं होतं. त्याला सगळ्यात चांगला ओळखू येणारा शब्द तोच होता.

म्हणून तो पॅकहाऊसमागच्या खोलीतच राहायचा. आठवड्याच्या सुट्टीला कधी घरी जायचा, कधी जायचा नाही.

मला हात शिकवायचं त्यानंच ठरवलं, मला न विचारता. प्रिंटआऊट मागितली की तो कागद पाठीमागं धरायचा. 'कागद' हातानं म्हटल्याशिवाय मिळायचा नाही. चुकलं की कपाळाला हात लावायचा. माझ्या बोटांना तो सुजलेली बोटं म्हणायचा. पण सीझन संपेपर्यंत आमचं नोटपॅड बरंचसं बंद झालं होतं. लाइट गेली की मात्र पंचाईत. त्या दिवसांत लाइट जायचीच. संध्याकाळी अंधार झाला तरी आम्ही बाकीचे बोलत राहायचो, बायका तर जास्तच रंगात यायच्या. अंकुश दाराजवळ, जिथं थोडा उजेड असेल तिथं जाऊन उभा राहायचा आणि लाइट येईपर्यंत कुणाकडे बघायचा नाही.

आता लांब नाकाची गोष्ट.

हॉलंडला रोज मालाचा अहवाल जायचा. कुठला प्लॉट, किती पेट्या, मण्याचा आकार, गोडी, आणि प्रत्येक प्लॉटच्या घडाचा फोटो. मी मजकूर लिहायची आणि फोटो मेलला जोडून पाठवायची. तिकडून तक्रार: फोटो पत्राच्या बुडाशी ढिगानं येतात, कुठला कुठल्या प्लॉटचा कळत नाही. मला प्रत्येक ओळीच्या शेजारी त्या ओळीचा फोटो हवा. पत्रातच. उघडून बघायला मला वेळ नाही.

तात्यांनी ते वाचून घेतलं. "म्हंजी त्येला पत्रिका पायजे, चित्राची. अंकुशला सांग."

अंकुशनं वेबपानासारखी मेल बनवणारा प्रोग्रॅम लिहिला. एक तक्ता, आणि प्रत्येक ओळीत घड. आमच्या कंप्यूटरवर ती मेल उघडली तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या. तात्या चष्मा लावून जवळून बघत म्हणाले, "आरं, मांडवच उगवला की पत्रात!" पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर: एकही फोटो नाही. नुसते रिकामे चौकोन आणि प्रत्येकात लाल फुली.

अंकुशचा विश्वास बसेना. त्यानं आमची पाठवलेली मेल पुन्हा उघडली. घड दिसत होते. मला ओढून आणून दाखवले. मग लांब नाकाच्या नावानं हातांनी जे काही बोलला, ते मला तेव्हा येत नव्हतं हे बरं. दोन-तीन दिवस तेच चाललं. इथं घड, तिथं फुली. तो नारायणगावच्या सायबर कॅफेत जाऊन बसला, तिथं स्वतःचीच मेल उघडली, आणि तिथंही फुली बघितली तेव्हा त्याला पटलं.

चूक कळल्यावर त्यानं मला ती समजावून सांगितली. आमच्या मेलमध्ये फोटो नव्हताच. फोटो आमच्या कंप्यूटरमध्ये कुठं ठेवलाय, तो पत्ता तेवढा लिहिलेला होता. आमच्या मशीनला पत्ता सापडायचा, म्हणून घड दिसायचे. हॉलंडच्या मशीननं तो पत्ता स्वतःच्या पोटात शोधला तर काय मिळणार? मग खरी रीत: फोटो पत्राच्या आतच भरून पाठवायचा, त्याला एक आतलं नाव द्यायचं, आणि मजकुरात जिथं तो दिसायला हवा तिथं त्या नावानं त्याला बोलवायचं. नाव जुळलं की फोटो आपल्या जागी येऊन उभा राहतो. एक अक्षर चुकलं तरी येत नाही. हे सांगताना अंकुशनं पॅकिंगच्या एका बाईला उभं केलं, तिच्या छातीवर प्लॉटचं लेबल चिकटवलं आणि लांबून तेच लेबल दाखवून तिला बोलावलं. मग दुसरं लेबल दाखवलं आणि ती निघाली तर दोन्ही हातांनी थांबवलं. बाई म्हणाली, "काय करायचं म्हनतोय ह्यो? जाऊ का र्‍हाऊ?"

त्यात अजून बरंच रखडलं. मेल इतकी जड व्हायची की फोनलाइनवरून जाता जाता तुटायची. त्यानं फोटो बारीक केले. मग मण्याचा आकार कळेना. पुन्हा थोडे मोठे केले. शेवटी एक दिवस हॉलंडहून उत्तर आलं, एका शब्दाचं. इंग्रजीत 'छान'. अंकुशनं ते बघितलं, खिशातून कंगवा काढला आणि केस विंचरले. एवढंच.

खरी गोष्ट पुढं आहे. सीझन संपला, पॅकहाऊस रिकामं झालं, आणि एका दुपारी मी आत आले तर अंकुश भिंतीला काळं प्लॅस्टिक लावून, ऑफिसचा कॅमेरा पेट्यांच्या उतरंडीवर ठेवून स्वतःच्या हातांचे फोटो काढत होता. कॅमेऱ्याला थोड्या वेळानं आपोआप फोटो काढायची सोय होती. बटण दाबायचं, पळत जाऊन हात धरायचे, क्लिक. मग पुन्हा पळत. घामानं शर्ट भिजला होता, आणि त्याचं त्याला काही नव्हतं.

घडांची रीत त्यानं हातांना लावली होती. प्रोग्रॅममध्ये शब्द टाइप केला की त्या शब्दाच्या जागी हाताचा फोटो यायचा. शब्दांची ओळ लिहिली की हातांची ओळ तयार. जिथं हात हलवायचा असतो तिथं दोन फोटो, सुरुवातीचा आणि शेवटचा, मध्ये लाल बाण. जोडलेल्या ढिगात हे चाललं नसतं. हात एकामागं एक, त्याच क्रमानं दिसले तरच ते बोलणं होतं. 'आई', 'शाळा', 'भूक', 'आठवतं', 'काम', 'एकटा', 'ये'. त्याच्याकडे महिनाभरात शेकड्यांनी हात जमले. 'नंतर' त्यानं काढला नाही. मी विचारलं तर म्हणाला, मला लागत नाही.

शाळेतल्या ज्या मित्रांचे मेलचे पत्ते त्याच्याकडे होते त्या सगळ्यांना त्यानं हातांचं पत्र पाठवलं. मला आधी दाखवलं. मी वाचू शकले. 'मी द्राक्ष काम. खोली माझी. इथं सगळे तोंड. तुमचे हात आठवतात. पाठवा.'

उत्तरांची वाट त्यानं कशी बघितली ते मी बघितलं. फोनलाइन लागायचा तो कर्कश आवाज त्याला ऐकू यायचा नाही, तो मोडेमवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर बोट ठेवून बसायचा. एकानं लिहिलं, मेल कॅफेत उघडत नाही, पैसे जातात. एकानं नुसतं 'गुड' लिहिलं. एकाचा पत्ताच बंद झाला होता. बाकीच्यांकडून काही नाही. ते कुठं होते, कुठल्या दुकानात, कुठल्या गावात भिंतीकडे पाठ करून बसले होते, कोण जाणे.

आणि मंगलचं उत्तर आलं.

मंगल मिरजेची. शाळेत त्याच्या मागच्या वर्गात होती. एका झेरॉक्सच्या दुकानात कंप्यूटरवर बसायची. तिनं साधे फोटो जोडून पाठवले होते, ढिगानं, क्रम चुकलेला. पण हात होते. हिरव्या बांगड्यांचे, मागं दुकानाचं कॅलेंडर. अंकुशनं ते टेबलावर प्रिंट करून पत्त्यांसारखे मांडले, हलवून हलवून क्रम लावला, आणि मूठ दोनदा आपटली. माझा चहा सांडला.

त्यानं तिला आपला प्रोग्रॅम सीडीवर घालून पोस्टानं पाठवला. मग मेल येऊ लागल्या. काळ्या प्लॅस्टिकवरचे त्याचे हात आणि कॅलेंडरपुढचे तिचे. तिचा 'पाऊस' त्याच्यापेक्षा वेगळा होता, त्यावरून त्यांचं भांडण झालं. तिच्या दुकानातला मालक, त्याच्या इथल्या बायका, शाळेतला स्वयंपाकी, लांब नाक, सगळ्यांवर बोलून झालं. मी काही सगळं वाचत नव्हते. पण अंकुश आता लाइट गेली तरी दारात जाऊन उभा राहायचा नाही. आपल्या खुर्चीत बसून राहायचा.

त्याच सुमारास त्याची आई आली. कमरेत वाकलेली, नऊवारी, हातात पिशवी. अंकुश बँकेत गेला होता. ती माझ्या टेबलापाशी जमिनीवरच बसायला लागली, मी तिला खुर्ची दिली.

"तू जुन्नरची ना बाई? तुला त्याची बोली येती म्हनं."

"थोडी येते, मावशी."

"मंग मला सांग. घरी आला की आरशाम्होरं उभा र्‍हातो आन् हात हालवतो. हासतो. मारुती म्हनतो, डोक्यावर परिनाम झाला. तसं हाय का काय?"

मी म्हटलं, "नाही हो. मैत्रीण आहे त्याची. शाळेतली. तिच्याशी काय बोलायचं त्याची तयारी करत असेल."

तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "भूक लागली, दुखतंय, झोप आली, हे मला कळतंय त्याचं. मनातलं कायच कळत न्हाई गं. माझ्या पोटचा हाय आन् मी दुसऱ्याच्या लेकीला इचारती, माझा पोरगा काय म्हनतोय." पदरानं तोंड पुसलं. "कशी हाय पोरगी?"

"हात बघितलेत मी. चांगली असावी."

"ऐकू येतं तिला?"

"नाही."

"मंग बरंय," ती म्हणाली. "त्याला नंतर सांगते म्हनायची न्हाई."

मला वाटलं होतं तिला हे माहीतच नसेल. तिला सगळं माहीत होतं.

तिनंच मारुतीच्या मागं लागून मिरजेला जायचं ठरवलं. तात्यांनी जीप दिली आणि स्वतःही गेले. काय झालं ते परत आल्यावर त्यांनीच सांगितलं, माझ्यासमोर बसून, तंबाखू न मळता.

"पोरीच्या बापानं सरळ इचारलं. रात्री घरात कुनाला काय झालं तर कोन कुनाला हाक मारनार? लेकरू रडलं तर कोन उठनार? मारुती मान खाली घालून बसला. म्हातारी म्हनाली, मी हाय की उठायला. तर त्यो म्हनला, तुमी किती दिस हाय? खरंच हाय ना ते." तात्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "पर शमीम, ती दोगं... एक ह्या भिंतीला, एक त्या भिंतीला. आमी मधी. आन् आमच्या डोक्यावरनं त्यांचं चाललं व्हतं. आसं बोलत व्हती राव, आसं हासत व्हती. त्या खोलीत आमीच मुकं बसलो व्हतो. मंग तिचा भाव बोलला तिला, हात खाली घे. तवा तिनं पदरात घातलं हात."

अंकुश मात्र आला तो खुशीत. त्याला वाटत होतं जमलं. नकार सगळा तोंडांनी झाला होता आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. मारुती म्हणाला होता, नंतर सांगू.

त्याला ते कळलं ते मेलवरून. मंगलच्याच पत्त्यावरून मेल आली, पण तिच्यात एकही हात नव्हता. नुसती अक्षरं. 'माझे लग्न ठरले आहे. कृपया यापुढे मेल पाठवू नये. आपल्या पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा.'

अंकुशनं ती वाचली. मला बोलावलं. मी वाचून त्याच्याकडे बघितलं. तो रागावलेला नव्हता. तो पडद्यावरच्या एकेका शब्दावर बोट ठेवत होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग हातांनी म्हणाला, "शब्द सरळ रांगेत आहेत. ही ती नाही."

बरोबर होतं. मंगलचं लिहिणं त्याच्यासारखंच होतं, उतरंड कोसळलेलं. हे कुणीतरी ऐकू येणाऱ्यानं लिहिलं होतं. मी म्हटलं, भावानं लिहिलं असेल. तो म्हणाला, "लग्न खरं?" मी म्हटलं, माहीत नाही, खरं असावं. त्यानं मान हलवली, खुर्ची ओढली आणि त्या दिवशीचा अहवाल करायला घेतला. नवा सीझन सुरू झाला होता. हॉलंडला गेलेल्या मेलमध्ये प्रत्येक घड आपापल्या ओळीत होता. मी तपासलं.

नंतर तिच्या पत्त्यावर त्यानं एकदा हात पाठवले. काय म्हटलं होतं ते मला दाखवलं नाही. उत्तर आलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस तो हात खिशात घालून वावरला. कामाचं काही सांगायचं असलं तर नोटपॅड उघडायचा, टाइप करायचा, कीबोर्ड माझ्याकडे सरकवायचा. मी हातांनी उत्तर दिलं तर पडद्याकडे बोट दाखवायचा, लिही. त्याचं हसणं थांबलं, आणि पॅकिंगच्या बायकांनाही चुकल्यासारखं वाटायला लागलं. एक जण म्हणालीसुद्धा, "त्याचं वरडनं बरं व्हतं बया. ह्ये लई वंगाळ."

हळूहळू एकेक हात बाहेर आला. आधी 'चहा'. मग एकदा तात्यांचा गाल. पण पहिल्यासारखं नाही. कामापुरतं. काळं प्लॅस्टिक त्यानं गुंडाळून पेट्यांमागं टाकलं. पुढं हॉलंडवाल्यांनी स्वतःचंच काहीतरी सॉफ्टवेअर आणलं, अहवाल त्यात भरायचे, मेलची गरज संपली. माझं लग्न झालं, मी मंचरला आले. तात्यांनी पॅकहाऊस भाड्यानं दिलं. अंकुश निरगुडसरला परत गेला आणि मंचरातच एका बॅनर छापायच्या दुकानात लागला. बाजाराला गेले की कधी काचेतून दिसायचा. मी हात करायची, तोही करायचा. मुलांचं, तब्येतीचं विचारायचा, मी सांगायची, आणि तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक यायचं.

मग एकदा त्याचा मेसेज आला. 'आई नाही.'

मी दहाव्याला गेले. नदीवर सगळं गाव होतं. मी बायकांच्या मागं, बाजूला उभी राहिले. पिंड ठेवला होता आणि कावळे बाभळीवर बसून होते, खाली येत नव्हते. माणसं कुजबुजायला लागली. कुणीतरी म्हणालं, "म्हातारीचा जीव पोरात आडकलाय." मारुती पुढं झाला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "आई, अंकुशला अंतर देनार न्हाई. त्याची काळजी करू नगं." कावळे हलले नाहीत. कुणी म्हणालं, "आजून येकदा म्हन." मारुतीचा आवाज फाटला.

अंकुशनं गर्दीच्या पलीकडून मला शोधलं. लांबून, सगळ्यांच्या डोक्यांवरून विचारलं, काय चाललंय? मी सांगितलं: कावळा शिवत नाही. दादा म्हणतोय तुला सांभाळेल, आईला तुझी काळजी आहे.

त्यानं नकारार्थी मान हलवली. म्हणाला, "माझी नाही. म्हशीची. म्हैस गाभण आहे."

मला तशा ठिकाणी हसू आलं आणि रडूही आलं. तो पुढं गेला. पिंडाजवळ उकिडवा बसला आणि हातांनी काहीतरी बोलायला लागला. शाळेतले हात नव्हते ते. मी त्यातली एकही खूण ओळखली नाही. तळहात पोटावर घासणं, गालाशी बोटं नेणं, जमिनीवर दोन थापा, असं काहीतरी. त्याच्या आईनं तो लहान असताना चुलीपुढं बसून बनवलेलं असेल. ती बोली जगात दोघांनाच येत होती, आणि त्यातला आता एकच राहिला होता. सावकाश, सगळं सांगून झाल्यावर तो उठला. कावळा कधी शिवला ते मी पाहिलं नाही. लोक उठून चालायला लागले तेव्हा कळलं.

जेवणं झाली. मी वहिनीपाशी बसले, ऊन उतरल्यावर निघाले. अंकुश फाट्यापर्यंत सोडायला आला. दुकानात नवीन मशीन येणार आहे म्हणाला. म्हशीचे दिवस भरत आलेत म्हणाला. एसटीची वेळ होऊन गेली होती, पण घरी पाव्हणे होते, म्हणून मीच त्याला म्हटलं, तू जा, बस येईल आता. त्यानं मान हलवली आणि वळला.

दोन्ही बाजूंना उभा ऊस, मध्ये चिंचोळा रस्ता. तो नेहमीसारखा अगदी मधोमध चालत होता, हात मागं धरून. तेवढ्यात माझ्या समोरून उसाचा ट्रॅक्टर त्या रस्त्याला वळला. दोन ट्रॉल्या भरलेल्या, स्पीकरवर गाणं एवढ्या मोठ्यानं की फाट्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. अंकुशला त्याचा पत्ता नव्हता. भरल्या ट्रॉल्यांनी जमीन हादरत असणार, पण त्या दिवशी तेही त्याच्या पायांना कळलं नाही. मी ओरडले. कुणाला ओरडले कुणास ठाऊक.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही. गावचाच असणार. त्यानं गिअर पाडला आणि अंकुशच्या मागं, थोडं अंतर ठेवून, त्याच्याच चालीनं ट्रॅक्टर न्यायला लागला. माझी बस आली तरी मी बघत होते. पुढं अंकुश, मागं तो सगळा गोंगाट, आणि कुणालाच घाई नव्हती.